बंद पडली नाही, बंद ठेवलीय

माझ्या मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला दोन बारके आकडे आहेत. वर ०४, खाली १०, मध्ये आडवी रेघ. याचा अर्थ ही गाडी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर येऊ शकते. ३१ ऑक्टोबरची मध्यरात्र उलटली की चालवणं सोडाच, घरासमोर रस्त्याच्या कडेला नुसती उभी दिसली तरी दंड. जर्मनीत १९९७ पासून ही हंगामी नंबरप्लेटची सोय आहे. विमा आणि कर सात महिन्यांपुरता भरायचा आणि उरलेले पाच महिने गाडी गॅरेजमध्ये.

बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गाडीलाही चातुर्मास?"

"पाच महिन्यांचा."

"मग अधिक महिन्यासकट."

इथले लोक या कामाला 'आइनमोटेन' म्हणतात. शब्दात कसर आहे, म्हणजे कपड्यांना लागते ती कसर. हिवाळ्याचे लोकरीचे कपडे उन्हाळ्यात डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवतात ना, तसं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या श्टुटगार्टमध्ये लिफ्टमध्ये भेटणारा जो तो विचारतो, तुमची झाली का? माझ्या कानाला मात्र अजूनही त्या शब्दाबरोबर आजीच्या ट्रंकेचा वास येतो.

गाडी केटीएमची ड्यूक ३९०, २०१७ चं मॉडेल. नाव ऑस्ट्रियाचं, नारिंगी रंग ऑस्ट्रियाचा, पण बनलेली चाकणला, बजाजच्या कारखान्यात. मी ती २०१९ च्या जूनमध्ये इथल्याच एका मुलाकडून जुनी घेतली. त्याला माहीत नव्हतं ती कुठली ते. मी सांगितलं तेव्हा त्याने दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "मग तुम्हाला जमेल." काय जमेल ते सांगितलं नाही. भारतातलं लायसन्स इथे सहाच महिने चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. पुण्यात पंधरा वर्षं लक्ष्मी रोडवरून गाडी हाकलेल्या माणसाला आठचा आकडा काढून दाखवायला लावतात, याबद्दल मी कधीतरी वेगळं लिहीन. तो विषय इथे नको. रक्तदाब वाढतो.

तर पहिला हिवाळा.

बाबांचा सल्ला स्पष्ट होता. "गाडी उभी ठेवू नकोस. रोज नाही तर आठवड्यातून एकदा तरी चालू कर, पाच मिनिटं राहू दे. उभी गाडी बसते."

उभी गाडी बसते. पुण्यात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बॅटरी बसते, ब्रेक बसतात, टायर बसतात, आणि एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणतं, विकून टाका ना ती, जागा अडलीय. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा तीन गाड्या होत्या. सीटवर मांजर, टायरमध्ये हवा नाही, आरशावर कुणाचं तरी पायपुसणं वाळत घातलेलं. त्यांना 'बंद आहे' म्हणायचे. मराठीत ही एक गंमतच आहे. दुकान बंद आहे म्हटलं की उद्या उघडेल. गाडी बंद आहे म्हटलं की संपलं.

तेव्हा मी बाबांचं ऐकलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी सकाळी जॅकेट चढवून तळघरातल्या गॅरेजमध्ये जायचं, स्टार्टर दाबायचा, पाच मिनिटं फुरफुर ऐकायची, सायलेन्सरमधून वाफ निघताना बघायची, बंद करायची, वर येऊन पोहे खायचे. वाफ बघून मला बरं वाटायचं. जिवंत आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी बटण दाबलं तर टक-टक-टक-टक. बॅटरी बसली होती. म्हणजे मी उभं राहून दर आठवड्याला जी गोष्ट टाळत होतो तीच.

आमच्या गॅरेजमध्ये माझ्या शेजारच्या जागेत एक बीएमडब्ल्यू आर ७५/५ असते, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, दोन बाजूंना दोन सिलिंडर बाहेर आलेली. तिचे मालक पंचाहत्तरीचे. आयुष्य लेथवर गेलेलं. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणतो. तोंडावर अर्थातच 'हेर', म्हणजे श्रीयुत, आणि आडनाव, आणि ते मला तसंच. त्या रविवारी ते झाडू घेऊन खाली आले होते, कारण त्यांची झाडण्याची पाळी होती. आमच्या श्वाबियन भागात इमारतीचा जिना आणि आवार आळीपाळीने झाडायची रीत आहे, आणि ती पाळी चुकवलेला माणूस कर चुकवलेल्यापेक्षा वाईट समजला जातो.

"तुम्ही दर रविवारी येता. मला ऐकू येतं," ते म्हणाले.

"हो."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"तेल गरम होतं?"

"सायलेन्सर चांगला तापतो."

"सायलेन्सरबद्दल मी विचारलं नाही."

मग झाडू भिंतीला टेकवून ते गुडघ्यावर बसले. या वयात ज्या सहजतेने बसले ती बघून मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटली. ड्यूकच्या इंजिनाला उजवीकडे तेलाची पातळी दिसायला एक गोल काच आहे, रुपयाच्या नाण्याएवढी. त्यावर त्यांनी टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. आत मधाच्या रंगाचं तेल दिसायला हवं होतं. तिथे फिकट, दुधाळ फेस होता. चहात लिंबू पडल्यावर दूध फाटतं तसा, नाहीतर फेटलेल्या कॉफीवर येतो तसा.

"पाणी," आजोबा म्हणाले.

मला वाटलं इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळून आत गेलं. तसं नव्हतं. ते पाणी मीच घातलं होतं, रविवारी-रविवारी थोडं थोडं.

शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र अशा वेळी गुडघ्यावर बसून आठवावं लागतं. पेट्रोल म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन. जळलं की हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं तर जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात असल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही, थंडीत सायलेन्सरमधून दिसतं तेवढंच. इंजिन पूर्ण तापलं, वीस-पंचवीस किलोमीटर नीट पळालं, तर तेलात उतरलेलं पाणीही पुन्हा वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत मात्र तेल जेमतेम कोमट होतं. वाफ आतल्या थंड धातूवर बसते, पाण्याचे थेंब होतात, ते तेलात मिसळतात, आणि सायलेन्सरच्या पोटात उरलेलं पाणी तिथला पत्रा आतून खातं. बॅटरीचंही तेच. स्टार्टर एका दणक्यात जेवढं खेचतो तेवढं पाच मिनिटांच्या फुरफुरीत परत भरत नाही. दर रविवारी मी खात्यातून शंभर काढत होतो आणि सत्तर टाकत होतो. वर आणि बंद तळघरात इंजिन चालवायचं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हे आजोबांनी शेवटी सांगितलं, आवाज खाली आणून, जणू माझ्या अब्रूची काळजी घेत.

"झोपलेल्याला दर आठवड्याला उठवून पुन्हा झोपवायचं," ते म्हणाले. "तुम्ही कुणाशी असं वागाल?"

मी घरी येऊन बाबांना फोन केला. जरा तावातच. तुमचं शास्त्र सपशेल चुकीचं आहे, वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे तापमान किती आहे?" मी म्हटलं, शून्याच्या आसपास. "मग चुकीचं नाहीये. तुझ्या गावाला लागू नाहीये."

त्यानंतर दीड महिन्याने, मार्च २०२० मध्ये, तिकडे भारतात सगळा देश घरात बसला. बाबांची १९९६ ची चेतक खाली पार्किंगमध्ये. तिला चालवायला परवानगी नव्हती, पण पार्किंगपर्यंत उतरायला कुणी अडवत नव्हतं. रोज सकाळी सात वाजता बाबा मास्क लावून खाली जायचे, चेतकला डावीकडे कलती करायचे, सरळ करायचे आणि किक मारायचे. सोसायटीतल्या बाकीच्यांच्या गाड्या मे-जूनमध्ये ओळीने बसल्या. बटण दाबलं की टकटक. बॅटरीवाल्याचे दिवस आले. बाबांची चेतक दुसऱ्या किकला.

नंतर विचार करताना कळलं की त्यांचं तिथे सगळंच बरोबर होतं. चेतकला सुरू व्हायला बॅटरी लागतच नाही, मॅग्नेटोवर, म्हणजे किकबरोबर फिरणाऱ्या छोट्या जनित्रावर, ठिणगी पडते. टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलबरोबरच जळून जातं, खाली तळात साठून नासायला ते उरतच नाही. एप्रिलमधल्या पुण्यात इंजिन आधीच अंगाला चटका बसेल इतकं गरम, त्यात वाफेचे थेंब कुठून होणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला कधी गोष्ट वाटलीच नव्हती. आम्ही मे महिन्यात आजोळी निघालो की बाबा आदल्या रात्री चेतकचा पेट्रोलचा कॉक बंद करून ती चालू ठेवायचे. दोन-तीन मिनिटांनी ती खोकायची आणि आपोआप बंद व्हायची. मला वाटायचं पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून. शेजारचे आजोबा ऑक्टोबरात त्यांच्या बीएमडब्ल्यूच्या दोन्ही कार्बोरेटरांच्या तळातल्या वाट्या सोडवून त्यातलं पेट्रोल एका काचेच्या बरणीत ओततात, तेव्हा ते हेच करत असतात. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल महिनोन् महिने राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट राळ ठेवतं, आणि केसाएवढी भोकं त्या राळेने बुजतात. बाबांना राळ वगैरे माहीत नव्हतं. त्यांना त्यांच्या मेकॅनिकने सांगितलं होतं, "काका, गावाला जाताना तिला रिकामी करून जा." बस.

आजोळ म्हणजे हर्णै. दापोलीच्या खाली, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. आईचे वडील शाळेत मास्तर होते, मासेमारीशी संबंध ताटापुरता. पण मे महिना संपत आला की बंदरावर जे चालायचं ते बघायला आम्ही पोरं रोज जायचो. होड्या वर ओढायचे. वीस-पंचवीस माणसं दोराला लागलेली, खाली ओंडके टाकलेले, एकाने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी जोर लावायचा. भरतीची रेघ जिथे संपते त्याच्याही बऱ्याच वर होडी आणून ठेवायची, दोन्ही बाजूंना टेकू. मग तळाला चिकटलेलं खरवडायचं. मग वर माडाच्या झापांनी शाकारायची, घर शाकारतात तशीच. कुणाचा तरी काका आतलं मशीन ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून, पोर उचलावं तसं उचलून घरी न्यायचा. हल्ली १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदीच असते, पण समुद्राने ती फार आधीपासून घातलेली होती. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या तशाच.

त्या झापांखाली आम्ही लपंडाव खेळायचो. पाऊस पडत असायचा आणि होडीत कोरडं असायचं, पण कोंदट नसायचं. झापातून वारा फिरतो. नंतर निळी प्लास्टिकची ताडपत्री आली. मग तिच्याखाली गेलं की नाकाला बुरशीचा वास यायचा आणि लाकडाला हात लावला तर ओलं.

त्या होड्यांना 'बंद आहेत' असं कुणीही म्हणत नसे. वर घेतल्या आहेत, म्हणत.

मी पुण्याच्या बाजूने मोठा झालो, त्यामुळे हे बघूनही शिकलो नाही. माझ्या डोक्यात पार्किंगमधल्या त्या तीन गाड्याच राहिल्या. रत्नागिरीच्या मामांचं तेच. पावसाळ्याआधी ते स्कूटर आडवी करून खालच्या पत्र्याला ब्रशने जळकं ऑईल मारायचे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, पत्रा टिकायचा तर काहीतरी लेप हवाच. आम्ही पुणेकर नाक मुरडायचो, काय हा घाणेरडा प्रकार. आता इथे डिसेंबरात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ पसरतात, आणि ते मीठ मार्चपर्यंत सांध्यासांध्यांत बसून राहतं. मामांची स्कूटर मला पहिल्याच हिवाळ्यात आठवली.

दर वर्षीचं नाही, २०२४ चं सांगतो, कारण त्या वर्षी योग जुळून आला होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला नरक चतुर्दशी होती. नंबरप्लेटचा शेवटचा दिवस आणि अभ्यंगस्नान एकाच दिवशी. पहाटे उटणं, तेल, गरम पाणी. पायाने फोडायला कारीट इथे कुठून आणणार? तर ब्रसेल्स स्प्राऊट नावाच्या बोराएवढ्या कोबीवर डावा अंगठा ठेवून 'गोविंदा गोविंदा' म्हटलं. तो फुटत नाही, घरंगळतो. बायको म्हणाली, नरकासुर टेबलाखाली गेला. अर्धा दिवस रजा टाकली होती. फराळाचं ताट आटोपून खाली उतरलो.

आधी आंघोळ. इथे अंगणात गाडी धुतलेली चालत नाही, साबण आणि तेल गटारात जातं म्हणून. नाणं टाकून धुवायच्या जागा असतात तिथे गेलो. प्रेशरचा पाइप चाकांच्या बेअरिंगवर, साखळीवर आणि रेडिएटरच्या पात्यांवर सरळ धरायचा नाही, पाणी आत शिरतं आणि पाच महिने तिथेच बसतं. मग पेट्रोल. टाकी पूर्ण भरायची, अगदी गळ्यापर्यंत. रिकाम्या जागेत हवा राहते, हवेतलं बाष्प रात्री टाकीच्या पत्र्यावर थेंब होऊन बसतं, आणि पेट्रोलात मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घ्यायला तयारच असतं. फार पाणी ओढलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाला जाऊन बसतात, आणि वसंतात पंप नेमका तळातूनच ओढतो. म्हणून आधी पेट्रोल टिकवायचं औषध टाकीत ओतायचं आणि वरून पेट्रोल, म्हणजे मिसळतं. आणि मग लगेच घरी यायचं नाही. फिरून यायचं, म्हणजे ते औषधवालं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोहोचतं, ब्रेक वाळतात आणि तेल खरोखर तापतं. सायलेन्सर नव्हे, तेल.

हे फिरणं हाच खरा सण. मी आल्ब नावाच्या इथल्या डोंगराच्या चढावर गेलो, घाट आहे तिथे छोटासा, दोन्ही बाजूंना बीचची झाडं. बीचचं पान गळायच्या आधी तांब्याच्या घंगाळासारखं होतं. रस्त्यावर त्याच पानांचा ओला थर, त्यामुळे वळणावर जीव मुठीत. वर पठारावर धुकं. माझ्यासारखेच आणखी सात-आठजण समोरून गेले, प्रत्येकाने डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवली. सगळ्यांच्या प्लेटवर तोच आकडा असणार. मला शाळेचा शेवटचा दिवस आठवला, मेच्या सुट्टीआधीचा, फक्त उलटा.

येताना श्टुटगार्टच्याच कान्श्टाटमधून आलो. तिथे बागेतल्या काचघरात गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जगातली पहिली पेट्रोल मोटरसायकल बनवली. लाकडाची चौकट, अर्धा हॉर्सपॉवर, ताशी १२ किलोमीटर, पडू नये म्हणून बाजूला दोन पिटुकली चाकं. डाइमलरचा मुलगा ती घेऊन कान्श्टाटहून उंटरट्युर्कहाइमला गेला तो महिना नोव्हेंबर होता. म्हणजे ज्या गावात, ज्या महिन्यात मोटरसायकल पहिल्यांदा रस्त्यावर आली, त्याच गावात, त्याच महिन्यात आता सगळे ती आत घेतात. सीटखाली तापवलेली नळी होती आणि वाटेत सीट पेटलं असं सांगतात. बिचाऱ्या पोराला त्या नोव्हेंबरात निदान थंडी तरी वाजली नसेल.

घरी येऊन गरम असतानाच तेल सोडलं. पावणेदोन लिटरच्या आसपास निघतं. नवीन तेल घालून हिवाळ्यात ठेवायचं की जुन्यावर ठेवून वसंतात बदलायचं, यावर इथे घरं मोडतील एवढे वाद आहेत. मी पहिल्या पक्षातला. वापरलेल्या तेलात जळलेल्याची आम्लं असतात, ती पाच महिने बेअरिंगला लावून कशाला ठेवायची? जुनं तेल डब्यात भरून ज्या दुकानातून नवं घेतलं तिथेच परत द्यायचं, पावती दाखवली की त्यांना ते घ्यावंच लागतं. दर वर्षी तो डबा काउंटरवर ठेवताना मला वाटतं, रत्नागिरीच्या मामांना याचं केवढं कौतुक झालं असतं. एवढं चांगलं जळकं ऑईल, आणि परत देतात.

साखळीला रॉकेल आणि जुना टूथब्रश. पेट्रोल लावायचं नाही, कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात. बाबा नव्वद नंबरचं ऑईल लावायचे, मी इथे स्प्रे मारतो, पण ब्रश फिरवायची लकब त्यांचीच आलीय. मागचं चाक हाताने उलटं फिरवत, एक-एक कडी, जपाची माळ ओढल्यासारखी. कूलंटची घनता काचेच्या नळीने तपासली. पुण्यात रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घातलेलं चालून जातं. इथे ते गोठलं की नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा धातू तडकवतं. अर्धं पाणी अर्धं औषध असलं की उणे ३५ पर्यंत काळजी नाही. टायरमध्ये नेहमीपेक्षा अर्धा बार हवा जास्त, आणि मागचं चाक स्टँडवर उचललेलं. खाली ओंडके नाहीत, एवढाच फरक.

बॅटरी काढताना आधी काळी वायर, मग लाल. उलटं केलं आणि पाना चेसिसला टेकला तर ठिणगी उडते. हे मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागलं, त्याशिवाय क्रम लक्षात राहिला नाही. भरलेली बॅटरी इथल्या कुठल्याच थंडीत गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र शून्याच्या थोडंसं खाली गेलं तरी गोठते, कारण आम्ल गेलेलं असतं आणि आत जवळपास पाणीच उरतं. म्हणून ती वर घरात. कोठीच्या खोलीत, पोह्यांच्या डब्याशेजारी, एका छोट्या चार्जरला जोडून. तो चार्जर तिला चमच्याचमच्याने भरवतो आणि पोट भरलं की थांबतो. त्याचा हिरवा दिवा रात्रंदिवस चालू. बायको म्हणते, आकाशकंदील चार दिवसांत उतरवतोस आणि हा दिवा एप्रिलपर्यंत.

शेवटी सोलापुरी चादर. प्लास्टिकचं कव्हर मी पहिल्या वर्षी आणलं होतं. मार्चमध्ये काढलं तर आतून घाम फुटलेला आणि हँडलच्या स्क्रूंवर गंज. त्याच्याखाली डोकं घातल्याबरोबर मला हर्णैच्या निळ्या ताडपत्रीचा वास आला होता.

शेजारच्या आजोबांची तोवर झाली होती. त्यांची बीएमडब्ल्यू जुन्या पलंगपोसाखाली. आम्ही दोघं उभे राहिलो. गॅरेजभर अशा नऊ गाड्या, चादरी पांघरून. मी त्यांना फराळाचा डबा दिला. चकली हातात घेऊन त्यांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली आणि विचारलं, हिचा साचा पितळेचा आहे का? लेथवाला माणूस.

त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस केटीएम कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. न विकलेल्या गाड्या साठल्या होत्या, पुढे ऑस्ट्रियातला माटिगहोफेनचा कारखानाही काही काळ थांबला. २०२५ मध्ये पैसे ओतले ते बजाजने. बाबांनी वर्तमानपत्रातलं कात्रण फोटो काढून पाठवलं, खाली एवढंच लिहून, 'बघ, आकुर्डीचेच कामी आले.'

पण मला सांगायचं होतं ते १ नोव्हेंबरचं. लक्ष्मीपूजन. इथे त्या दिवशी ऑलसेंट्सची सुट्टी असते, लोक स्मशानात जाऊन दिवे लावतात. संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे साडेनऊ वाजून गेलेले. पूजा दाखवून झाली, मग म्हणाले, "गाडी दाखव." मी फोन घेऊन खाली गेलो. तळघरात रेंज येत नाही, उताराच्या तोंडाशी एका विशिष्ट खांबापाशी येते. तिथून कॅमेरा लांबवून चादर उचलली.

बाबा एकदम गप्प झाले.

"अरे, हे काय? बोळा कसला घातलायस?"

सायलेन्सरच्या तोंडात मी तेलात भिजवलेल्या जुन्या बनियनचा बोळा घातला होता, वर लाल फीत बांधून, म्हणजे एप्रिलमध्ये काढायला विसरू नये. उंदीर आत घरटं करतात. आजोबांच्या जावयाच्या कारच्या वायरी मार्टेन नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याने खाल्ल्या होत्या. इथे ते नेहमीचं आहे.

"उंदरांसाठी आहे."

"काढ ते. सणाच्या दिवशी. नाकात बोळे मेलेल्याला घालतात."

"बाबा, झोपलीय ती."

"झोपलेल्याला श्वास लागतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, इंजिनाचं, बाष्पाचं, पण ते त्या वेळी देता आलं नाही. मी बोळा काढला. (मध्यरात्रीनंतर, तिथी उलटल्यावर, पुन्हा घातला. आजीने हेच केलं असतं.) मग ते म्हणाले, "आता चालू कर जरा, आवाज ऐकव."

"बॅटरी वर आहे. पोह्यांच्या डब्याशेजारी."

"म्हणजे आता एप्रिलपर्यंत आवाज नाही?"

"नाही."

थोडा वेळ फोनमध्ये नुसताच जिना दिसत राहिला. बाबा उतरत होते. मग पार्किंगची ट्यूबलाइट, वॉचमनचा अर्धा चेहरा, मग चेतकचं हेडलॅम्प, त्यावर दसऱ्याच्या झेंडूचं वाळलेलं एक फूल अजून. "हा फोन धर रे," बाबा वॉचमनला म्हणाले. चेतक डावीकडे कलली, सरळ झाली. पहिली किक. दुसरी. तिसऱ्या किकच्या नेमक्या क्षणी बाहेर कुणीतरी हजाराची माळ लावली आणि फोनमध्ये सगळा तडतडाट झाला. बाबांचे ओठ हलताना दिसत होते. ते बहुतेक "ऐकू येतंय का?" असं विचारत होते, आणि मी खांबाला टेकून "हो, हो" म्हणत होतो. वर जिन्यात दिवा लागला. आजोबा कठड्यावरून वाकून बघत होते, कुणी नोव्हेंबरात गाडी चालू केलीय म्हणून.